मोजणारी पोरं

खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत व्यायामाला दिवसाचे दोनच तुकडे उरतात. पहाटे साडेपाच ते सात, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर जाऊन बसतो आणि सायकलच्या हँडललाही हात लावता येत नाही. अडचण अशी, की ज्यांच्या घरात लहान पोरं आहेत त्यांचे नेमके हेच दोन तुकडे आधीपासून वाटले गेलेले असतात. सकाळी पाणी भरणं, डबे, दप्तर, शाळेची रिक्षा. संध्याकाळी अभ्यास, जेवण, झोपवणं. म्हणून जळगावात मेहरूण तलावाच्या काठाला पहाटे निवृत्त मंडळी भेटतात, डॉक्टर-व्यापारी भेटतात, पोलीस भरतीची तयारी करणारी तरणी मुलं भेटतात, पण तिशी-पस्तिशीतले आईबाप कमी भेटतात. धुळ्यात पांझरेच्या दोन्ही काठांवरच्या रस्त्यांवरही असंच दिसतं.

तरी काही येतात. आणि जे वर्षानुवर्षं टिकतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांबरोबर एखादं पोर असतं. कुणी बापाच्या पुढे सायकल दामटतं, कुणी आईच्या ओढणीचं टोक धरून चालतं, कुणी मध्येच बसून खडे वेचतं आणि मग धावत येऊन गाठतं. बघणाऱ्याला वाटतं, बिचारीला पोर घरी ठेवायची सोय नसेल. तेही कधी कधी खरं असतं. पण त्या आईला विचारलं तर ती सांगेल, की पोर नसतं तर ती चौथ्या दिवशीच आली नसती.

आकडे काय सांगतात ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, म्हणजे रोजची बावीस मिनिटंसुद्धा नाहीत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढंही करत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आहे, पुरुषांमध्ये ४२. त्याआधी वर्षभर, २०२३ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या अभ्यासातून देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचं समोर आलं होतं. आता जागतिक आरोग्य संघटनेचीच लहान मुलांसाठीची शिफारस बघा. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसातून १८० मिनिटं हालचाल करावी. तीन तास! ज्या घरात मोठ्यांना बावीस मिनिटं सापडत नाहीत, त्याच घरात एक माणूस तीन तास नाचतं, चढतं, उड्या मारतं, आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. घरातला सगळ्यात चपळ गडी आपल्याच पायात घुटमळत असतो आणि आपण त्याला म्हणतो, जरा बाजूला हो, मला व्यायाम करू दे.

हे बाजूला करणं थांबलं की काय होतं, ते कुणाच्याही घरात बघायला मिळतं. जळगावच्या पिंप्राळ्यातलं नाहीतर धुळ्याच्या देवपुरातलं एखादं दोन खोल्यांचं घर धरा. सोफा भिंतीला सरकवून आईनं सतरंजी अंथरली आहे. ती हातांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर तोलून धरते, ज्याला आता सगळेच प्लँक म्हणतात. पोटाखाली पूल तयार झालेला बघून धाकटं आपला प्लास्टिकचा ट्रक त्याखालून काढतं. थोरली मोजायला बसलेली असते. तिचा सूर मास्तरीणबाईंचा असतो, पण आकडे अजून कच्चे. अकरा, बारा, तेरा, पंधरा. मग आपलीच चूक लक्षात येते आणि ती पुन्हा अकरापासून सुरू करते. आईचे हात थरथरायला लागतात, नाकावरून घाम सतरंजीवर पडतो. धाकटं खाली वाकून तिचं तोंड बघतं आणि विचारतं, मम्मी, पाऊस आला? आई कोसळते, हसत कोसळते. थोरली मात्र कडक: "अजून वीस नाही झाले. परत कर."

ती परत करते, आणि माझ्या मते इथंच सगळं आहे. नवरा म्हणाला असता, "अजून थोडं कर," तर त्यात तिला शेरा ऐकू आला असता. मैत्रीण म्हणाली असती, तर तुलना आली असती. जिमचा ट्रेनर म्हणाला असता, तर त्यामागे महिन्याची फी होती. पोरीच्या "परत कर"मागे यातलं काहीच नाही. तिला आईचं वजन माहीत नाही, कमरेचा घेर माहीत नाही, बाळंतपणानंतर पोट आत गेलं की नाही याच्याशी देणंघेणं नाही. वीस म्हणजे वीस, आणि ते झाले पाहिजेत, कारण वीस झाल्यावर टाळ्या वाजवायच्या असतात. मोठ्यांचं कौतुक परिणामाचं असतं: "बारीक झालीस गं!" पोराचं कौतुक करण्याचं असतं. परिणाम दिसायला महिने लागतात, करणं आजचं असतं. ज्या माणसाला आजचा दिवस रेटायचा आहे, त्याला दुसऱ्या प्रकारचं कौतुक जास्त उपयोगी पडतं.

शास्त्रज्ञांनीही या गोष्टीची एक बाजू फार पूर्वी तपासली आहे. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अभ्यासकाच्या लक्षात आलं, की सायकलपटू एकटे चालवतात त्यापेक्षा सोबतीला कुणी असताना वेगात जातात. त्यानं हे पडताळून पाहायला मुलंच घेतली. मासे पकडायच्या गळाचं रीळ त्यांना भराभर फिरवायला लावलं, एकदा एकट्यानं आणि एकदा दुसऱ्या मुलाच्या शेजारी. बरीच मुलं सोबतीनं वेगवान झाली, काही मात्र उत्साहात गडबडली आणि हळू पडली. मानसशास्त्राच्या पुस्तकांत आज हा प्रयोग सामाजिक मानसशास्त्राच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक म्हणून शिकवतात. दुसऱ्याच्या नुसत्या असण्यानं हातापायात जोर येतो, एवढं त्यातून कळतं. पण ते दुसरं माणूस कोण आहे, यानंही फरक पडतो. अनोळखी पन्नास लोकांसमोर धावताना पाय जड होतात, आपल्या पोरासमोर धावताना हलके होतात.

खान्देशात हा विषय निघाला की साने गुरुजींची आठवण होणारच. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांवर त्यांनी आईसारखी माया केली. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्यातली पोहण्याची गोष्ट प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो, आणि आई त्याला बाहेर काढून विहिरीवर पाठवते. पोराच्या मनातली भीती काढायची ती आईनं, असा आपल्या मनातला साचा तिथून पक्का झाला. तो चुकीचा नाही. पण आज तलावाच्या काठावर आणि सतरंजीवर जे चाललं आहे, त्यात लपून बसलेली आई आहे आणि बाहेर काढणारं पोर. भीती पाण्याची नसते. आपण वेडेवाकडे दिसू, धापा टाकू, आपल्याला जमणार नाही आणि लोक बघतील, याची असते.

ही भीती लहान शहरात मोठी असते, आणि बाईला जास्त. मुंबईत ट्रॅक पँट घालून पळणाऱ्या बाईकडे कुणी वळून बघत नाही. आपल्याकडे कॉलनीच्या कोपऱ्यावरची दुधाची डेअरी, वरच्या मजल्यावरच्या काकू, नात्यातले मामा, सगळे बघतात. घरातही सासूबाई ओट्याशी उभ्या राहून विचारतात, "काय करी राहिनी व सकायपासून?" त्यात राग नसतो, नवल असतं. त्यांच्या पिढीनं केळीच्या बागेत, कपाशीच्या वावरात, जात्यावर आणि हंड्याखाली शरीर एवढं वापरलं, की मुद्दाम शरीर हलवायचं ही कल्पनाच त्यांना परकी. अशा वेळी पोर सोबत असलं की बाईला बाहेर पडायला कारण मिळतं. "पोराला जरा बागेत फिरवून आणते." काव्यरत्नावली चौकाजवळच्या भाऊंच्या उद्यानात, गांधी उद्यानात संध्याकाळी ज्या बायका चालताना दिसतात, त्यांतल्या कितीतरी जणी पहिल्यांदा पोराच्या निमित्तानं आल्या असतील. पोरं घसरगुंडीवर, त्या भोवतीनं. प्रत्येक फेरीला वरून हाक येते, "मम्मी, हे बघ!" ती बघते, हात हलवते, आणि पुढच्या हाकेपर्यंत पाय थांबवत नाही. ही हाक म्हणजे तिच्या फेरीचं घड्याळ.

घरादारासकट व्यायाम करायची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो आधी स्वतःच्या घरात, राणीसाहेब आणि मुलांसह. मग संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे झाले. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत पुढे भारताचे राजदूत म्हणून जगभर फिरले, पण लहानपणी वडिलांबरोबर घालायला लागले ते नमस्कार त्यांनी सोडले नाहीत. मोठेपणी त्यावर पुस्तकही लिहिलं. आजही रथसप्तमीला शाळाशाळांत नमस्कार होतात, आणि पोर ते घरी घेऊन येतं. दुसरीतलं पोर बापाला शिकवतं तेव्हा त्याची शिस्त बघावी. "पप्पा, गुडघा टेकवायचा. श्वास सोडा. नाही, आत्ता नाही, नंतर." बाप शिकला, की शिकवणाऱ्याला सरावाला मोडता घालता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो कंटाळला तरी विद्यार्थी हजर असतो.

जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नेदरलँड्समधलं. फॅनी ब्लँकर्स-कोएन १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला निघाली तेव्हा तिशीची होती, दोन मुलांची आई होती, आणि तिनं घरी बसावं असं वृत्तपत्रांतून लिहिलं जात होतं. तिनं चार सुवर्णपदकं आणली: १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळे आणि रिले. सरावाला ती मुलांना मैदानावर बरोबर नेत असे. आपल्याकडे मिलिंद सोमण यांच्या आई उषाताई २०१६ साली साडीत आणि अनवाणी लेकाबरोबर हमरस्त्यावर धावल्या, तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. ते पोर पन्नाशीचं होतं, हे खरं. पण पोराबरोबर चार पावलं टाकायची ओढ वयानं जात नाही, हेही त्यातून दिसलं.

धुळ्याच्या लोकांना या ओढीसाठी हक्काची जागा आहे. शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून लळिंगचा किल्ला उभा आहे. खान्देशच्या फारुकी राजवटीत हे नाव मोठं होतं. आता पावसाळा संपता संपता, डोंगर हिरवा असताना, रविवारी सकाळी घरंच्या घरं चढायला जातात. चढ तासाभराच्या आतला, पण उभा, आणि वाटेत पायाखाली सुटे दगड. इथं वयाचा क्रम उलटा होतो. गाडीतून उतरताना "हळू, पडशील" म्हणणारा बाप पंधरा मिनिटांत मागे पडतो, गुडघ्यावर हात ठेवून उभा राहतो, आणि वरच्या दगडावरून दोन पोरं ओरडत असतात: "पय पप्पा, पय! एवढुसंच राहिलं!" शाळेत प्रमाण मराठी आणि घरी मम्मी-पप्पा, पण जोर द्यायचा झाला की आजीची बोली तोंडात येते. वर काय आहे? पाण्याची टाकी, पडक्या भिंती, खाली दिसणारा रस्ता. पोरांना त्याहून मोठं काहीतरी दिसतं. पप्पा खरंच वर आले, हे. डोंगर उतरल्यावर आठवडाभर ते शाळेत सांगतात, आणि बापाला पुढच्या रविवारी घरी झोपून राहणं अवघड होतं.

जळगावात धावणाऱ्यांची चळवळ गेल्या काही वर्षांत चांगली रुजली. जळगाव रनर्स ग्रुपच्या 'खान्देश रन'ला दरवर्षी गर्दी होते. एकवीस किलोमीटरवाले गंभीर असतात, घड्याळं बघतात. मला जास्त मोलाचे वाटतात ते लहान अंतराचे धावक, पोराचा हात धरून निघालेले. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आहे, आणि तिथं पेडर रोडच्या चढावर लहान मुलं संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं घेऊन उभी राहतात. अनोळखी माणसाला "काका, कम ऑन!" म्हणतात. धावलेले लोक पदकाबद्दल कमी बोलतात, त्या संत्र्याच्या फोडीबद्दल जास्त. आपल्याकडे संत्रं नको. केळी आहेत, भौगोलिक मानांकन मिळालेली. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन उभी राहिलेली पोरं एवढंच हवं.

हे सगळं गोड वाटतं म्हणून दोन सावधगिरीच्या गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली बोलण्याची. पोरांसमोर "मी किती जाडी झाले" म्हणत व्यायाम केला, तर ती व्यायाम शिकत नाहीत, स्वतःच्या शरीराची लाज शिकतात. सहा-सात वर्षांची मुलगी आरशासमोर उभी राहून पोट आत ओढायला लागली, तर ते तिला घरातल्याच कुणाचं तरी ऐकून आलेलं असतं. तिच्या समोर जोर मोजा, फेऱ्या मोजा, पायऱ्या मोजा. किलो मोजायचेच असतील, तर ती नसताना मोजा. दुसरी गोष्ट शरीराची. बाळंतपणानंतरचे पहिले महिने, पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं, रक्तदाब, साखर, यांत डॉक्टरला विचारल्याशिवाय पाठीवर पोर बसवून जोर काढायचे नाहीत. पोरं हौसेनं पाठीवर चढतात. आखाड्यात पैलवान पोराला पाठीवर घेऊन जोर मारतो, ते बघायला छान वाटतं, पण त्यामागे कित्येक वर्षांची मेहनत असते.

आणि एक गोष्ट बापांसाठी. पुष्कळ घरांत असं दिसतं, की बाप रात्री नऊला जिमला जातो आणि पोरं आईकडे असतात. आई चालायला निघते तेव्हाही पोरं आईकडेच असतात. पोर सोबत असणं ही तिची निवड असेल तर आनंद आहे. पण ती तिची अट होऊन बसली, तर त्याला प्रोत्साहन म्हणता येत नाही, तो भारच. आठवड्यातले तीन दिवस पोरं बापाबरोबर मैदानावर गेली, तर बापालाही मोजणारं माणूस मिळेल आणि आईला एकटीनं, कुणाच्याही हाकेशिवाय, तलावाला एक पूर्ण चक्कर मारता येईल.

शहरही काही देणं लागतं. जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिकांच्या हद्दीत कॉलन्यांच्या मोकळ्या जागांवर लोखंडी ओपन जिम बसली आहेत. पाय फिरवायचं यंत्र, छाती ताणायचं यंत्र, कमरेची तबकडी. बऱ्याच ठिकाणी ती एका टोकाला आणि पोरांचे झोपाळे दुसऱ्या टोकाला, किंवा झोपाळे नाहीतच. मग पोरं यंत्रांवरच लोंबकळतात, बोटं चिमटतात, आणि आई दुसऱ्या दिवशी येत नाही. मोठ्यांची यंत्रं आणि मुलांचे खेळ एकमेकांच्या नजरेत, पण हाताच्या अंतराबाहेर ठेवले, तर दोघांचीही सोय होते. त्यासाठी जास्तीची जमीन लागत नाही. आराखडा काढताना कुणीतरी लहान पोराच्या आईला विचारायला हवं, एवढंच.

तेव्हा तुमच्या प्रभागात पुढची ओपन जिम मंजूर होईल, तेव्हा नगरसेवकाला सांगा: झोपाळे समोरच लावा, मध्ये दोन बाक ठेवा, पिण्याच्या पाण्याचा एक नळ द्या आणि संध्याकाळी आठपर्यंत दिवा चालू राहील असं बघा. आणि ते होईपर्यंत, उद्या सकाळी घरात सतरंजी अंथराल, तेव्हा पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवू नका. त्यांना मोजायला बसवा.